घाबरट पंखा

आमच्या घरात कुणाला आवाज ऐकू येत नाही. आवाज थांबला, की तेवढं ऐकू येतं. आमच्या दोन खोल्या सुरतच्या बमरोलीत, दुसऱ्या मजल्यावर, आणि गल्लीच्या पलीकडे यंत्रमागांचा कारखाना. इथं त्याला खातं म्हणतात. खात्यातले लूम दोन्ही पाळ्यांत चालू असतात आणि आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बारा महिने बारीक थरथरत असतं. कधी दुपारी लाइट गेली आणि लूम एकदम बंद पडले, की गल्लीतली झोपलेली लहान पोरं दचकून उठतात आणि गळा काढतात. शांततेला घाबरणारी आमची जात. मीही त्यातलीच.

म्हणून माझ्या लॅपटॉपचा पंखा ओरडतो, हे मला बाहेरच्या माणसानं सांगावं लागलं.

मी साड्यांची डिझाइनं करते. पदर, बुट्टे, काठ, सगळं लॅपटॉपवर. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चाळीस वर्षं पांडेसऱ्याच्या आणि बमरोलीच्या खात्यांत कोरं कापड विणलं. त्या कोऱ्या कापडावर काय छापायचं ते मी ठरवते. आई याला 'आयत्या पिठावर रेघोट्या' म्हणते. मला राग यायचा, पण म्हण चपखल बसते हे नाकारता यायचं नाही. बंगळूरच्या एका कंपनीनं मला घरबसल्या कामावर घेतलं तेव्हा त्यांची अट एकच होती: सहा महिने काम बघू, मग पक्कं करू. आमच्या घरात आजवर कुणाला कुणी पक्कं केलेलं नव्हतं. खात्यात माणूस रोजावर असतो, आणि चाळीस वर्षांनीही तो रोजावरच असतो. त्यामुळे 'पक्की' हा शब्द आमच्या घरात मोठा मानाचा झाला होता. आबा रोज संध्याकाळी विचारायचे, किती महिने राहिले.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मीटिंग असायची. पडद्यावर सात चौकटी. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे कुंडीतलं हिरवंगार झाड, एकीच्या मागे तर नुसती पांढरी भिंत, पण तीसुद्धा श्रीमंत दिसायची. माझ्या मागे पलंगावरची चादर टांगलेली. चादरीमागे स्टीलचे डबे, पाण्याची टाकी आणि आईच्या साड्यांचे ढीग. आई घरी धागा कटिंगचं काम घेते. छापून, भरतकाम होऊन आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे, घडी घालायची आणि पोटलं बांधून परत पाठवायचं. धाग्यांचा रंगीत भुगा आमच्या घरात सगळीकडे असतो. वरणातसुद्धा सापडतो.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या प्रमुख बाई बोलता बोलता थांबल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही फॅक्टरीत बसला आहात का?" सगळे हसले. मीही हसले आणि "शेजारी बांधकाम चालू आहे" असं सांगून टाकलं. खरं तर "हो, समोर लूम चालतात" एवढं म्हणाले असते, तर साड्यांवरच पोट असलेल्या त्या लोकांना कौतुक वाटलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. बाईंनी चादरीच्या आरपार बघितलं, असंच मला वाटलं.

आणि मग मी घराच्या मागे लागले. मीटिंगच्या वेळी छताचा पंखा बंद. टेबलफॅन बंद. कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. आईची कात्री आणि पोटली स्वयंपाकाच्या ओट्याखाली. एप्रिल उजाडला तरी तेच: सुरतची हवा, अंगाला चिकटणारा घाम, आणि दोन म्हातारी माणसं माझ्यासाठी वाऱ्याविना बसायची. तरीही बाई म्हणायच्याच, आवाज येतोय. नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत. शेवटी एका सहकाऱ्यानं मला वेगळा फोन करून सांगितलं, "अगं, तो तुझ्या लॅपटॉपचा पंखा आहे. कानाला लावून बघ." मी कान लावला. विमान उडायच्या बेतात असल्यासारखा पंखा घोंघावत होता. जवळजवळ चार महिने मी त्याच्यासमोर बसले होते आणि मला तो ऐकू आला नव्हता.

तो नुसता घोंघावत असता तरी चाललं असतं. सारखा चालणारा आवाज माणूस विसरतो, निदान आम्ही तरी. पण हा पंखा वर-खाली व्हायचा. मोठी फाइल उघडली की जरा गप्प, मग एकदम पूर्ण जोर, वीसेक सेकंदांत पुन्हा गप्प, पुन्हा पूर्ण जोर. मधली चाल त्याला ठाऊकच नव्हती. मी एक सॉफ्टवेअर टाकून पंख्याचा वेग हातानं कमी करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप तापून बंद पडला आणि तीन दिवसांचा पदर गेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, आठ दिवस ठेवून जा. आठ दिवस कुठून आणू? आबांनी सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणले, त्यांचे बुडखे कापले आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली लावले, खालून वारा खेळावा म्हणून. थोडा फरक पडला. मी त्यांना "बरं झालं" एवढंसुद्धा म्हटल्याचं मला आठवत नाही.

आबांबद्दल इथं नीट सांगायला हवं.

चाळीस वर्षं लूमच्या मधोमध उभं राहून त्यांचे कान गेले. अगदी ठार नाही, पण समोरून बोललं नाही तर त्यांना काही उमगत नाही. कानात घालायचं मशीन आणलं होतं. ते शिटी मारतं म्हणून कपाटात आहे. स्वतः बोलतात ते गल्लीला ऐकू जाईल असं. पण खात्यात कानांचं काम तसंही नसतं. तिथं माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. पंजा पालथा करून हळूहळू खाली नेला की 'लूम बंद कर'. मूठ फिरवली की 'चालू कर'. आणि बाकी सगळं ओठांवर. आवाज काढायचाच नाही, फक्त ओठ नीट हलवायचे. समोरचा सात-आठ लूम पलीकडून वाचतो. मराठी, गुजराती, हिंदी, उडिया, काहीही. एकमेकांच्या शिव्यासुद्धा ते असेच वाचतात.

लहानपणी मी आबांचा डबा घेऊन खात्यावर जायची. आत जायला परवानगी नव्हती. दारात उभं राहायचं आणि आबांची नजर वळली की ओठ हलवायचे: भाजी वांग्याची आहे. आबा तिथून ओठांनीच विचारायचे: ठेचा? मी मान हलवायची. तेवढ्या गदारोळात आमचं दोघांचं हे बोलणं इतकं खासगी असायचं की मला वाटायचं, आबा जगात माझ्याशीच असं बोलतात. मग मी शाळेत गेले, प्रमाण मराठी शिकले, मैत्रिणींशी गुजराती, कॉलेजात हिंदी. घरात आबा-आई अहिराणीत बोलायचे आणि मी उत्तरं पुस्तकी मराठीत द्यायची. ओठांचं बोलणं कधी सुटलं ते कळलंही नाही.

मीटिंग चालू असताना आबा काहीतरी मोठ्यानं विचारायचे. मग मी त्यांचीच खूण त्यांच्यावर वापरायला लागले. कॅमेऱ्याच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा पंजा पालथा करून खाली न्यायचा. आबा गप्प व्हायचे. पुढं पुढं ते मीटिंगच्या आधी आपणहून उठून जिन्यात जाऊन बसायला लागले. जिन्यात पत्रा तापलेला असतो. मी त्यांना कधी "जाऊ नका" म्हटलं नाही. ते गेले की मला हायसं वाटायचं, हे लिहितानाही लाज वाटते.

सहावा महिना लागला. एके दिवशी मी काम करत असताना आबांनी जवळ येऊन लॅपटॉपवर पंजा ठेवला. लूमला काही झालं की ते असाच हात ठेवायचे. कानांनी कळत नाही ते हाताला कळतं म्हणायचे. डोळे मिटून उभे राहिले. पंखा चढला, उतरला, चढला. मग म्हणाले, "हाऊ पंखा घाबरट शे. जरासं तपनं का पयत सुटस, जरासं थंडं व्हयनं का बठी जास. येना श्वास कोंडायेल शे. माले खोली दखू दे."

त्यांना तो उघडून बघायचा होता. मी म्हणाले, "आबा, हे लूम नाही. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

मी तोंड त्यांच्याकडे करून बोलले होते, म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी पंजा काढून घेतला. "आते नको तर मीटिंग व्हयनी का दखसू," असं म्हणून ते खिडकीपाशी जाऊन बसले. मीटिंग झाली की बघेन, हे त्यांचं बोलणं मी अर्धंच ऐकलं.

त्या शुक्रवारी माझं शेवटचं सादरीकरण होतं. सहा महिन्यांचं काम दाखवायचं आणि त्यावर ठरणार होतं, पक्की की नाही. मे महिना, दारं-खिडक्या बंद, पंखे बंद. मी कानात हेडफोन घातले होते, त्यामुळे पलीकडचं बोलणं खोलीत ऐकू येत नव्हतं. आई शेजारच्या घरी गेली होती. आबा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसले होते. मी अर्धा तास बोलले. मग बाई बोलायला लागल्या, त्यांच्यानंतर दुसरे एक साहेब, आणि मी नुसती ऐकत बसले. लॅपटॉपचा पंखा चढत होता, उतरत होता. साहेबांनी एकदा कपाळाला आठी घातली.

आणि आबा उठून आले. अंगात बनियन, खाली पट्ट्यांचा लेंगा, एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात खात्यातला लूम पुसायचा ब्रश. सरळ माझ्याजवळ येऊन वाकले आणि लॅपटॉपवर हात ठेवला. पडद्यावर माझ्या चौकटीत माझ्या तोंडाशेजारी त्यांचं पांढरे खुंट वाढलेलं तोंड दिसलं. सहा जण बघत होते.

बाई हसून म्हणाल्या, "ये कौन हैं?"

मी हसून म्हणाले, "रिपेअरिंगवाले भैया हैं. लॅपटॉप का पंखा ठीक करने आए हैं."

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण वेळ होता. 'पिताजी' हा शब्द भैयापेक्षा काही लांब नाही.

आबांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्यांनी पेचकस बनियनवर पुसला, दोन पावलं मागे सरले आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "आप बात करो मॅडम, मैं बाद में आता हूँ."

कॅमेऱ्याला उद्देशून त्यांनी किंचित मान लवली. आतल्या खोलीत जायचं सोडून ते बाहेरच्या दाराकडे गेले. परका माणूस जातो तसे. चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

मी स्वतःची समजूत घातली: आबा कॅमेऱ्याला बुजले. त्यांना ऐकू कुठं येतं? मोठी माणसं दिसली म्हणून मॅडम म्हणाले असतील. अशी समजूत घालत मी अजून चाळीस मिनिटं त्या खुर्चीत बसले. मीटिंग थांबवली नाही, "एक मिनिट" म्हटलं नाही, दार उघडून बघितलं नाही. पदराच्या मोरांमध्ये निळा थोडा कमी करावा का, यावर मी छान बोलले. शेवटी बाईंनी सांगितलं की त्या मला पक्कं करत आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. कॅमेरा बंद केला आणि दाराकडे गेले.

आई दारातच भेटली. "शर्ट बी न घालता उनमा कोठे गया तुना बाप?" तिनं विचारलं. मी जिना उतरले.

आबा खात्याच्या समोर, चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, स्टुलावर बसले होते. बनियनमध्ये. आजवर आबा बनियनवर गल्लीत उतरलेले मी पाहिले नव्हते; खात्यातून घामेजून निघताना सुद्धा ते शर्ट घालून, बटणं लावून, केसांवरून फणी फिरवून निघायचे. पेचकस आणि ब्रश अजून हातातच होते. लारीचं सावलीचं कापड त्यांच्या गुडघ्यांपर्यंतच पोचत होतं. मला बघून ते उठले.

"काम व्हयनं का?"

मी मान हलवली.

"पक्की करी का तुले?"

"हो."

त्यांचा चेहरा इतका फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. लारीवाल्याला त्यांनी गुजरातीत ओरडून सांगितलं, दीकरी पक्की झाली. आत खात्यातून कुणीतरी डोकावलं, त्यालाही हातांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून ते जरा ओशाळून म्हणाले, "तुना ओठ बराच येळ हालनात नही, म्हनीसन माले वाटनं मीटिंग संपनी."

म्हणजे ते इतका वेळ माझे ओठ बघत होते.

उंबऱ्यापाशी बसून, अर्धा तास, मी काय बोलते ते वाचत होते. ओठ थांबले म्हणून उठून आले. आणि मग एका हाताच्या अंतरावरून, स्वच्छ उजेडात, मी हिंदीत काय म्हणाले तेही. आठ लूम पलीकडची शिवी वाचणारा माणूस तो. घातलेली सगळी समजूत तिथंच कोसळली. आबा म्हणाले, "चाल, आते खोलू," आणि माझ्या पुढं जिना चढायला लागले.

वर येऊन त्यांनी लॅपटॉप उलटा केला. प्रत्येक स्क्रू काढला की डब्याच्या झाकणात त्याच्या जागेप्रमाणे मांडला, खालचा खाली, वरचा वर. झाकण उघडलं तेव्हा पंख्याच्या तोंडाशी जाजमाचा तुकडा असावा तसा थर बसलेला होता. लाल, जांभळा, पोपटी, मध्ये चमकी. आईच्या कात्रीखालचे धागे. वारा बाहेर जायला जागाच नव्हती. आत जरा ऊब साचली की पंखा जीव खाऊन पळायचा, वारा कोंडायचा, तो थकून बसायचा आणि पुन्हा पळायचा. आबांनी थोड्याच दिवसांपूर्वी पंजा ठेवून जे सांगितलं होतं, तेच. त्यांनी चिमटीनं तो थर अलगद उचलला, ब्रश फिरवला, फुंकर मारली आणि म्हणाले, "इतला भुगा खाईसन बी चाली ऱ्हायनं बिचारं."

पुन्हा जोडून लॅपटॉप सुरू केला. मी मोठ्यातली मोठी फाइल उघडली. पंखा हळू चढला, मध्ये कुठंतरी थांबला आणि तिथंच राहिला. आबांनी पंजा ठेवला, डोळे मिटले, आणि मग मला विचारलं, "आवाज बंद व्हयना का?"

त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मला सांगावं लागलं. "हो आबा," मी म्हणाले, "बंद झाला." एवढंच म्हणाले. त्याच वेळी दुसरं वाक्यही म्हणता आलं असतं. ते आलं नाही. संध्याकाळी आईनं शिरा केला.

मग दिवस गेले आणि ते वाक्य अवघड होत गेलं. आबा पूर्वीसारखेच वागत होते. त्यांनी टोमणा मारला असता, अबोला धरला असता, तर मला बरं वाटलं असतं. मी छताचा पंखा मीटिंगमध्ये चालू ठेवायला लागले. आबांसाठी दोन नवे शर्ट आणले. त्यांनी ते घडी करून ठेवून दिले. जिन्यात जाऊ नका म्हणून सांगितलं, तर ते माझ्या समोर, लॅपटॉपच्या पाठीमागच्या बाजूला बसायला लागले, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं. आईच्या साड्यांचे धागे कापायचे आणि मधून मधून मान वर करून माझे ओठ बघायचे. मी मीटिंगमध्ये काय बोलते ते सगळं त्यांना कळतं, हे आता मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मीटिंग संपत आली होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या लॅपटॉपचा आवाज कसा पूर्ण गेला. ते रिपेअरिंगवाले भैया कमालीचे निघाले. माझाही तसाच ओरडतो. पुढच्या आठवड्यात मी सुरतेच्या मार्केटला येतेय, घेऊन येते. त्यांना बोलावून ठेवाल का?"

'ते गावी गेले' हे माझ्या जिभेवर तयार होतं. खोटं माझ्याकडे नेहमीच तयार असतं. तेवढ्यात आबांनी मान वर केली. बाई काय म्हणाल्या ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. हेडफोन माझ्या कानात होते. त्यांना फक्त माझे ओठ दिसत होते, अर्धवट उघडलेले. ते वाट बघत होते, नेहमीसारखी, आता मी काय म्हणते याची.

मी हिंदीत म्हणाले, "ते रिपेअरिंगवाले नाहीत. ते माझे वडील आहेत. मी त्या दिवशी खोटं बोलले."

आबांची कात्री थांबली. त्यांनी पंजा पालथा केला आणि हळूहळू खाली नेला. बंद कर. मशीन बंद कर. मी बघून न बघितल्यासारखं केलं. "ते चाळीस वर्षं लूमवर होते," मी म्हणाले. "आमच्या घरासमोर लूमच आहेत, बांधकाम कधीच नव्हतं." आबांचा पंजा पुन्हा खाली गेला, या वेळी घाईनं, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. पोरीची पक्की नोकरी जाईल म्हणून भ्यायले होते ते. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी ते बाहेरच्या दारानं का गेले होते.

बाई म्हणाल्या, "मला त्यांना भेटायला आवडेल," आणि मीटिंग संपली. नोकरी कुठंही गेली नाही. जाणारही नव्हती, हे मला बोलतानाही माहीत होतं. पक्की झाल्यावर खरं बोलायला काय लागतं? माझी कुणी पाठ थोपटू नये.

मी हेडफोन काढले. समोरच्या खात्याची खटखट खोलीत आली. आबा माझ्याकडे बघतच होते. आमच्यामध्ये टेबल होतं, लॅपटॉप होता, आणि आईची एक अख्खी जांभळी साडी पसरलेली होती. मी आवाज काढला नाही. डबा घेऊन दारात उभी राहायची तशी बसल्या जागेवरून ओठ हलवले, कितीतरी वर्षांनी अहिराणीत: आबा, मनं चुकनं.

आबांनी वाचलं. खाली बघून साडीचा एक धागा कापला, बोटानं झटकला. मग मान वर करून तेही आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत म्हणाले:

त्या दिनले रिपेरिंगवालाले तू चहा बी नही इचारा.